टाइलवर ठेवलेला हात

मी बोलत नाही म्हणून तुम्ही मला चिडवता ना, मग कोहमाऱ्याच्या आमच्या नव्या कॉफी शॉपमध्ये काय झालं ते ऐका. दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं आणि केशोरीहून सगळे पाहुणे येणार होते. फक्त कॉफी मशीनचा पाण्याचा फिल्टर भिंतीवर बसवायचा राहिला होता. प्लंबर भाऊरावकाकांनी टाइलवर खूण केली आणि ड्रिल उचललं.

बाबा गीझरच्या पाण्याने कप धुता धुता म्हणाले, "तिथून पाइप तर नाही ना गेला? आता टाइल फोडावी लागली, तर उद्याचं सगळं बोंबललं."

"मीच बसवला ना जी. मले नाही ठाऊक का? पाइप तिकडं कोपऱ्यात हाये."

पण मघापर्यंत मी त्या खुणेपाशीच टेकून उभी होते आणि माझी पाठ गरम झाली होती. सांगायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. ड्रिल सुरू झालं. मी पटकन खुणेवर तळहात ठेवला.

"हात काढ पोरी. काऊन मधात येऊन राहिली?"

मी हात काढला नाही. दुसऱ्या हाताने त्यांचं मनगट धरून त्यांचा रिकामा हात टाइलवर टेकवला. गरम पाणी तिथूनच वाहत होतं.

काकांनी ड्रिल खाली ठेवलं आणि ते तळहाताने सगळी भिंत चाचपू लागले.

"आता काय करून राहिला?" बाबांनी विचारलं.

"थांबा ना जी. भिंतीले ताप कुठवर हाये, ते पाहून राहिलो."