फुकट दिलेल्या सल्ल्याबाबत

जबाब देणाऱ्याचे नाव वरच्या रकान्यात आहे. बाजारात मला किल्लीकाका म्हणूनच ओळखतात. वय पंचावन्न, धंदा कुलपे बसविणे व किल्ल्या बनविणे, राहणार दुकानाच्याच माडीवर. कोणी बोलावले नसता आपण होऊन ठाण्यात येऊन सांगतो की,

मी हा धंदा रस्त्याकडेला गोणपाट अंथरून सुरू केला. आज स्वतःचे दुकान आहे, सोबत माझी भाची काम पाहते. गिऱ्हाईक रोडावले म्हणून गेल्या वर्षी मोबाईलवर जाहिरात सुरू केली. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे सोने पडून राहते, असे माझे मत. त्यामुळे दिसेल त्या ग्रुपवर दुकानाचे कार्ड टाकत असे. कुणाचा वाढदिवस असो, कुणाची बदली असो, खाली माझे कार्ड. एका निवृत्त मास्तरांच्या निधनाच्या बातमीखालीही ते गेले. त्यावर माझ्या साडूने मला ग्रुपमधून काढले व फोन करून म्हणाला, "अहो, माणूस गेला तिथंही कुलपं विकता? वर कुलूप लागत नाही."

तेव्हा भाची म्हणाली, "मामा, लोकांच्या दारावर थापा मारत फिरू नका. कुणी अडलं असेल तर मदत करा, दुकानाचं नावसुद्धा काढू नका. लोक आपणहून येतील."

मी तसे केले. लोक कुलपाचा फोटो टाकून अडचण विचारत, मी व्हिडिओ करून उत्तर देई. पैसे मागितले नाहीत, कार्ड टाकले नाही. गिऱ्हाईक खरोखर वाढले. "काका, तुम्ही देवमाणूस" असे लोक लिहू लागले. ते वाचून बरे वाटे, हेही लिहून घ्यावे.

परवा सकाळी एका इसमाने बंद दाराचा फोटो टाकला. त्याच्या खात्यावर नाव नव्हते, फुलाचे चित्र होते. आई दवाखान्यात आहे, तिची औषधे घरात राहिली, किल्ली सापडत नाही, असे त्याने लिहिले. कुलूप मी स्वतः विकतो त्याच बनावटीचे. मी हातातले काम टाकून तसलेच कुलूप घेतले व ते किल्लीशिवाय कसे उघडते याचा व्हिडिओ केला. एवढी घाई कशाची, असे हवालदारसाहेबांनी आत्ता विचारले. औषधाचा प्रश्न होता. आणि दुसऱ्या कुणाच्या आधी माझे उत्तर पडावे, असेही होते. संध्याकाळी त्याने लिहिले, "उपयोग झाला. धन्यवाद, काका." त्याखाली लोकांनी पुष्कळ बदाम पाठवले.

काल सकाळी चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या ताई माझ्याकडे आल्या. त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहतात. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या खोलीला मीच कुलूप बसविले होते. त्या वेळी त्या म्हणाल्या होत्या, "माझ्याशिवाय कुणाला उघडता येणार नाही असं द्या." मी दिले होते.

त्यांनी विचारले, "काका, दुसरी किल्ली कुणाला दिलीत?"

मला राग आला. इतक्या वर्षांत असे कोणी बोलले नव्हते. काय झाले विचारले, तर म्हणाल्या, आदल्या संध्याकाळी कामावरून घरी आले तेव्हा कुलूप जसेच्या तसे होते, आतले काही गेलेले नव्हते. दोरीवरचे कपडे तेवढे घड्या घालून पलंगावर ठेवलेले होते.

भाची म्हणाली, "तुम्हीच ठेवून विसरला असाल, ताई."

"बाह्या आत दुमडून, वर कॉलर. अशी घडी एकच माणूस घालतो," असे ताई म्हणाल्या.

माझ्यावर विश्वास बसावा म्हणून मी मोबाईल काढला व म्हणालो, "ताई, हे बघा लोक माझ्याबद्दल काय लिहितात." उघडताच तो धन्यवाद दिसला, त्याच्या वर फोटो. ताईंनी फोटोवर बोट ठेवले व म्हणाल्या, "हे माझं दार आहे."

मी फोटो मोठा करून पाहिला. किल्लीच्या भोकाशेजारी ओरखडा होता. बसवताना माझेच ड्रिल घसरले होते. तो फोटो आधीही मोठा करता आला असता.

मी व्हिडिओ लगेच पुसला. त्यावर दोघातिघांनी, "काका, चांगली माहिती होती, का काढलीत?" असे विचारले. भाचीने सांगितले की तो पुष्कळांनी पुढे पाठवला आहे. पुरावा पुसला म्हणून हवालदारसाहेब रागावले. ठेवावा तर शिकवतो, पुसावा तर लपवतो, यात मी काय करायला हवे होते ते मला कळत नाही. भाचीने सगळ्याचे फोटो काढून ठेवले होते, ते सोबत देत आहे.

हवालदारसाहेबांनी विचारले, चोरीला काय गेले? काही नाही. मोडतोड? नाही. "मग काका, लिहू काय? कपड्यांच्या घड्या घातल्या म्हणून?" मी म्हणालो, तेच लिहा. माझा गोंधळ असा की कार्डे टाकत होतो तेव्हा लोक वैतागले, पण कुणाच्या घरात कोणी शिरले नाही. मग ती जाहिरात वाईट आणि हे चांगले कसे, हे मी भाचीला विचारले. तिला रडू आले, म्हणून पुन्हा विचारले नाही.

कालच दुपारी मी ताईंच्या दाराला वेगळ्या बनावटीचे कुलूप बसवून दिले. आत घेण्याआधी त्यांनी मला मोबाईल बाहेर जिन्यावर ठेवायला सांगितला. मी ठेवला. काम होईपर्यंत त्या माझ्या हातांकडे पाहत उभ्या होत्या. किल्ल्या दिल्यावर त्यांनी, आणखी आहे का, असे विचारले. नाही म्हणालो. त्यांनी दार लावून घेतले. माझे कान तिखट आहेत. आतून कुलूप फिरवल्याचा, मग कडी ओढून पाहिल्याचा आवाज आला. त्यानंतर जमिनीवरून काहीतरी जड सरकवत दारापाशी आणून टेकवल्याचा आवाज आला. याचा तपासाला उपयोग आहे की नाही माहीत नाही. ऐकले ते सांगितले.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखविला. मी सांगितले तसाच उतरला आहे, कमीजास्त काही नाही, म्हणून खाली सही करतो.