डिस्क तयार करायची का?

नणंद : चहा झाला, तुझ्या गुडघ्यांचं झालं, शेजारणीच्या मुलीचं लग्नही लागलं. आता टीव्ही लाव, वहिनी.

वहिनी : लावते गं. आधी दोन घास खाऊन घे.

नणंद : फोनवर दोन महिने हेच. कधी टीव्हीची डबी तापते, कधी रिमोटचा सेल जातो. दादाने घरच्या सगळ्या व्हिडिओ कॅसेटी त्या डबीला लावलेल्या डिस्कवर उतरवल्या, त्या काही एकट्या तुझ्या नव्हेत. आई आहे त्यात. सहा तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून आलेय मी.

वहिनी : माहीत आहे.

नणंद : दाखवायचं नसेल तर तसं सांग. दादा गेला, माझं माहेर संपलं. असंच ना?

वहिनी : असं नको बोलूस, चिमणे.

नणंद : मग दे इकडे तो रिमोट.

(टीव्ही सुरू होतो.)

नणंद : ही कसली मालिका? भाग एकशे बारा, एकशे तेरा... आमचं कुठंय?

वहिनी : होतं ते ह्याच डिस्कवर.

नणंद : होतं?

वहिनी : हे गेले, त्यानंतर महिन्याभराने डबीने पडद्यावर विचारलं, रेकॉर्डिंगसाठी डिस्क तयार करायची का? हे होते तेव्हा मी ह्यांना सारखी ऑफिसात फोन करून पिडायची, आता ही काय विचारतेय, आता काय दाबू. एकदा वैतागून म्हणाले, अगं, ती काहीही विचारू दे, तू आपली ‘हो’ दाब. तेव्हापासून हो दाबत आले. कधी काही बिघडलं नाही.

नणंद : आणि दाबलंस.

वहिनी : वाटलं, तयारच करतेय बिचारी. आधीचं सगळं पुसून तयार करणार, हे मला काय ठाऊक? खाली लिहिलंही असेल. चष्मा स्वयंपाकघरात होता. मग मालिका रोज भरू का विचारलं, त्यालाही हो; रोज संध्याकाळी ही मालिका आपोआप त्याच्यावर भरत गेली.

नणंद : दुकानात न्यायचीस ना.

वहिनी : तीन दुकानं झाली. शेवटचा म्हणाला, मावशी, नुसतं पुसलं असतं तर काढून दिलं असतं. तुम्ही वरून भरलंत.

नणंद : मूळ कॅसेटी?

वहिनी : मीच टाकायला लावल्या. कपाट अडतं म्हणून कटकट केली.

नणंद : मला सांगायचं तरी.

वहिनी : कुठल्या तोंडाने सांगू? तुझा भाऊ गेला, आणि वर तुझी आईसुद्धा मी पुसली.

नणंद : ...मालिका बघितलीस का?

वहिनी : एक भाग नाही. पण काढूनही टाकवत नाही.

नणंद : आपल्या कॅसेटींत दादा दिसायचा का गं? मला नीटसं आठवेना.

वहिनी : कॅमेरा त्यांच्याच हातात. दिसणार कुठून?

नणंद : तू बघायचीस?

वहिनी : हे गेल्यावर तर रोज. तुझ्या सायकलची कॅसेट होती ना, ती तोंडपाठ आहे मला. आई पायरीवर बसल्यात, केस ओलेच. तू वळणावर तोल जाऊन पडतेस, आणि रडायच्या आधी कॅमेऱ्याकडे बघतेस.

नणंद : मग?

वहिनी : मग सगळं चित्र उलटंपालटं होतं. कॅमेरा बंद करायचंच राहून जातं त्यांचं.

नणंद : आणि मग काय दिसतं?

वहिनी : जमीन. आणि त्यांचे पाय, तुझ्याकडे पळणारे.