गाडीखालचा क्ष

(घराच्या पुढच्या दारात, तीन पायऱ्यांच्या तोंडाशी, चाकांची खुर्ची. खाली अंगणात दोरी, मोजपट्टी आणि कव्हर घातलेली गाडी.)

मुलगा : दोनशे सत्तर सेंटीमीटर म्हटलं ना मिस्त्री, मग दोनशे सत्तर. मारा खडू.

गवंडी : मारतो, साहेब. पण एवढ्याशा उतारावरून बाईंची खुर्ची उतरणार नाही, घसरेल.

आई : घसरू दे. सात महिन्यांत एकदा बाहेर तरी पडेन.

मुलगा : आई, बाथरूमच्या उंबऱ्याला यांनीच उतार केलाय. त्यावरून तू एकटी जातेस-येतेस. हा तसाच, फक्त मोठा.

आई : तसाच म्हणजे?

मुलगा : म्हणजे समरूप. तुझाच शब्द. खूश?

आई : खूश. सिद्ध कर.

मुलगा : त्याला एक काटकोन, ह्याला एक काटकोन. झालं.

आई : काटकोन मिस्त्रींच्या गुण्यालाही आहे, मग त्यावरूनच उतरते की. एकतीस वर्षं भूमिती शिकवली आणि पोटचा पोरगा एका कोनावर त्रिकोण समरूप करतोय. दुसरा कोन कोण देणार, शेजारी?

गवंडी : दुसरा जमिनीपाशी, बाई. चढ तेवढाच हवा. नाहीतर तो उतार वेगळा नि हा वेगळा.

आई : बघ. ह्याला म्हणतात कोको कसोटी.

गवंडी : प्यायचा कोको?

आई : कोन-कोन, मिस्त्री.

गवंडी : मला नाही माहीत. मी सहावीत शाळा सोडली.

आई : तुम्ही सोडलीत. ह्याला शाळेनेच कंटाळून पुढे ढकललं. बरं, बाथरूमचा उतार किती?

गवंडी : उंची दहा, लांबी एकशे वीस.

आई : आणि ह्या पायऱ्या?

गवंडी : पंधराच्या तीन. पंचेचाळीस.

आई : उंची किती पट झाली रे?

मुलगा : साडेचार.

आई : आणि लांबी तू केलीस सव्वादोन पट. उरलेली कुठे गेली?

मुलगा : आई, मिस्त्रींसमोर कशाला…

आई : मिस्त्रींना येतं. एकशे वीस गुणिले साडेचार?

मुलगा : पाचशे चाळीस.

आई : धरा दोरी, मिस्त्री.

गवंडी : धरली. पण ती गाडीखाली जाते, बाई. पार मागच्या चाकाजवळ.

आई : सापडला क्ष. आणि गाडीचा बंपर बरोबर दोनशे सत्तरवर. आधी उत्तर, मग गणित. दहावीतही हेच. दुसऱ्याचं उत्तर उतरवायचं आणि वर पायऱ्या जुळवायच्या.

मुलगा : काठावर का होईना, पास झालो ना?

आई : झालास. आता मला काठावर बसवतोयस.

मुलगा : मी धरून उतरवीन ना तुला. ऑफिसातून आलो की.

आई : सात महिने तू रोज ऑफिसातून येतोच आहेस.

मुलगा : …गाडी ठेवू कुठे मग? रस्त्यावर? उन्हात रंग उडतो तिचा.

आई : माझा सावलीत उडाला, बाळा.

गवंडी : साहेब, खूण कुठे करू?

मुलगा : थांबा जरा. चावी आणतो.