लाईन लावा

न्हाई हो पाव्हणं, कुणीतरी कान भरले तुमचे — पोरगं लाईनवर हाय माझं. बिडी न्हाई, दारू न्हाई, ग्रामपंचायतीच्या मोटरीवर कायमचा माणूस हाय व्यंकटी. येईलच आता बाजारातून. तुम्ही इस्लापुराहून एवढ्या उन्हाचं आलात, चहा तरी घ्या. — काय? पहिली बायको का गेली? — गेली. माहेरी गेली, मुखेडला. रीतसर काडीमोड झालाय, पंचांसमोर. शिवकांता नाव तिचं. वाईट नव्हती हो, वाईट कशाला म्हणू. — आन् त्या लाईनमनचं? तेबी ऐकलंत व्हय इस्टँडवर? मग माझ्याकडूनच ऐका, म्हंजे मनात किंतू नको.

जिल्हा नवा झाला तवाची गोष्ट. लातूर जिल्हा झालं म्हून गावात पेढे वाटले — आता साहेबलोक जवळ आले, आता पाणी येणार, लाईट येणार. जिल्हा आला, पाऊस न्हाई आला. हिरी आटल्या. गावाला येकच हीर उरली, तळ्याखालची. तिच्यावर मोटर, मोटरीपासून हौदापर्यंत लाईन टाकली — पाण्याची लाईन. हौदापुढं आम्हा बायांची लाईन, घागरीमागं घागर. आन् खांबावरची विजेची लाईन, ती तर निम्मा दिस गेलेलीच. कुणी विचारलं, लाईन आली का, तर कोणती ते त्याच्या तोंडाकडं बघून वळखायचं. हसू नका, खरं सांगून राहिले. शबुद इंग्रजाचा, आन् आमचा सगळा दिस त्याच्यावर.

लाईनमन व्हता ज्ञानोबा. व्यंकटीच्याच वयाचा, दोघांचं अरं-तुरं, लई दोस्ती. मुखेडकडचा, म्हंजे आमच्या सुनेच्या माहेरचा. माहेरचं कुत्रं दिसलं तरी बाईला बरं वाटतं — तो आला की शिवकांता चहा टाकायची, दादा म्हणायची, आईची खबर इचारायची. मी घरातच असायची हो, माझ्यासमोरच. पण पानपट्टीवरच्या टवाळांना काय, येकानं व्यंकटीला म्हटलं, तुझ्या बायकोवर लाईन मारून राहिला तो. हीबी लाईनच बगा. व्यंकटी हसला म्हणे तिथं. घरी आला तवा हसत नव्हता. चुलीपुढं बसला आन् तिनं पुढं केलेला चहा सांडून दिला — राग न्हाई हो आला त्याला, राग कुठं, हातातून निसटला आसंल.

तर त्या दिशी मोटर बंद. हौदात थेंब न्हाई, बाया घागरी घेऊन सकाळपासून उन्हात. ज्ञानोबा आला, म्हणाला खांबावरची तार ढिली झाली. डीपीचा दांडा खाली वढून वीज तोडली, व्यंकटीला तिथं उभा केला — मी सांगेस्तवर हात लावू नको रं. आन् चढला. इकडं बायांचं भांडण पेटलं, कोण पुढं, कोण मागं, येकीनं दुसरीची घागर फोडली, झिंज्या धरल्या. वरून ज्ञानोबा वरडला, "लाईन लावा! वो बायांनो, लाईन लावा!" — आन् व्यंकटीनं दांडा वर केला. — बस्स. मला सांगता येत न्हाई पाव्हणं. वास येत व्हता. बाया तशाच उभ्या, आन् हौदात पाणी पडाय लागलं.

पोलीस आले, पंचनामा झाला. व्यंकटी म्हणाला, त्यानं लाईन लावा म्हटलं, मी लावली. समद्या बायांनी सांगितलं, हाव, असंच म्हणाला. मीबी सांगितलं. खोटं कुठं हाय त्यात? म्हणालाच व्हता की. फौजदार म्हणाला, शब्दाचा घोटाळा. सुटला. झालं. यात पोराचा काय दोष, तुम्हीच सांगा. त्याला काय दिसत व्हतं? उन्हाची तिरीप डोळ्यावर, मान वर करून तो खांबाकडंच बघून राहिला व्हता, तरी — न्हाई, म्हंजे मी लांब व्हते. बाया मधी व्हत्या. वर बघत व्हता का खाली, मी कसं सांगू.

पण ती शिवकांता. सांजच्याला भाकरी थापता थापता म्हणाली, त्याच्या तोंडावर म्हणाली — "ज्ञानोबादादा तुम्हाला कवा लावा म्हणायचा हो? तुम्हाला तर लाव की रं म्हणायचा. लावा म्हटलं ते बायांना. तुम्हाला कळलं न्हाई व्हय?" एवढंच. व्यंकटीनं भाकरी खाल्ली, हात धुतला, तिच्याकडं बघत राहिला. मग मला म्हणाला, "माय, हिला लई कळतंय." हळूच म्हणाला. जसा लहानपणी दूध मागायचा तसा. — मी सकाळीच तिला घेतलं, पदरात भाकर बांधली, मुखेडच्या गाडीत बसवली. काडीमोडाचं मागून झालं. पळून गेली म्हणतात लोकं, न्हाई हो, मीच धाडली. काय करणार? घरात ठेवून —

चहा निवला तुमचा. — तवापासून घरात आम्ही दोघंच. मी रांधते, तो जेवतो. भाकरी थापताना मान वर केली की तो बघतच आसतो, माझ्याकडं. कवा कवा इचारतो, "माय, त्या दिशी तू लाईनीत कितवी व्हतीस गं?" मी म्हणते, इसरले बाबा. म्हून वाटलं, घरात कुणी दुसरं आसावं, येक माणूस जास्ती, म्हंजे सगळं माझ्यावरच — पोरगी शांत हाय ना तुमची? लई बोलत न्हाई ना? किती गोड नाव सांगितलंत तुम्ही तिचं, पंचफुला. मायबिगर वाढवली म्हणालात.

उठा पाव्हणं. चहा ऱ्हाऊ द्या. इस्लापूरला जा, म्हणा, पत्रिका जुळली न्हाई. मागल्या दारानं निघा, बोळातून थेट सडकंला लागता. माझं नाव नका घेऊ कुठं. उठा की, बसलात काय —

कवा आलास रं? दारात का उभा? ये, आत ये. पिशवी दे इकडं. हे इस्लापूरचं पाव्हणं — काई न्हाई रं, तुझंच चांगलं सांगून राहिले व्हते. बसा पाव्हणं, बसा, घाई काय हाय. सांगा की ह्याला, पोरगी कवा दावता ते. — सांगा की.