त्रेचाळीस जणांनी ऐकलं

...आणि वर मलाच म्हणतात, जरा बघून पाठवायचं ना. बघूनच पाठवलं की हो. तुम्हाला सांगतो, मी शिंपी माणूस, मापापुरते आकडे येतात, अक्षरं येत नाहीत, म्हणून फोनमध्ये मी माणसं चेहऱ्यावरून ओळखतो. बायको लेकीच्या बाळंतपणाला सातासमुद्रापार गेली त्याला चार महिने झाले. तिचा चेहरा दिसला, बोट ठेवलं, माइक दाबला, मनातलं बोललो. आता तिच्या साठीला सुनेने सगळ्या नातेवाइकांचा ग्रुप काढला आणि वर फोटो तिचाच चिकटवला, हे मला कुणी सांगितलं होतं का? मी आपला फक्त तिच्याशी बोललो.

काय बोललो ते तुम्हाला नाही सांगणार. अहो, चाळीस वर्षं लोकांच्या पोटाचे घेर मोजले, एकाचा दुसऱ्याला कळू दिला नाही, आणि माझंच माप असं चव्हाट्यावर... मेहुणा म्हणतो, "दाजी, उशाशी घ्यायला ताईचा एकच स्वेटर पुरतो, की माझाही पाठवू?" सुनेची आई, आमच्या विहीणबाई, म्हणतात, "व्याही, तिच्यासाठी ओतलेला चहाचा दुसरा कप गार होऊ देऊ नका, आम्ही येतो प्यायला." शेजारचा न्हावीसुद्धा गालात हसतो, तो तर ग्रुपमध्येही नाही... आता याला कुणी सांगितलं? मी फक्त तिच्याशी बोललो हो.

मुलगा तणतणत आला. "बाबा, माझ्या सासरची माणसं आहेत त्यात." फोन घेतला आणि सगळ्यांकडचं पुसूनच टाकलं. तिकडे ती झोपलेली. उठून बघते तर काही नाही. म्हणजे बघा, त्रेचाळीस जणांनी ऐकलं, आणि जिच्यासाठी बोललो ती एकटीच ऐकायची राहिली.

मग तिचाच फोन आला, चेहरा दिसणारा. तिच्या मागे लेक, जावई, त्याची आई. माझ्या मागे मुलगा, सून. "अहो, काय बोललात? सगळे नुसते हसताहेत, मला कुणी सांगेना."

आता एवढ्या माणसांत काय सांगू? मशीनवर बसलो की सुईत दोरा तीच ओवून द्यायची, ते आठवलं. म्हटलं, "काही नाही गं, सुईत दोरा जात नाही, एवढंच."

"मग चष्मा लावा की."

"लावलाय."

"मग पुसा."

पुसला. दोनदा पुसला.