'नको'चं बटण

आमच्याकडे मोठ्यांनी ताटात वाढलेल्याला नको म्हणायचं नाही, आणि का ते विचारायचंही नाही. मी चोवीस वर्षं मुकाट्यानं जेवले. माझी भाची पिहू नऊ वर्षांची आहे. तिला बोलता येत नाही, म्हणून शाळेनं टॅब दिलाय. चित्रावर बोट ठेवलं की तो बोलतो.

परवा नरखेडहून मोठे काका-काकू आले. काकूंनी पिहूच्या भातावर डाळीचा तिसरा गोळा ठेवायला घेतला. टॅब म्हणाला, "नको." काकूंनी हसत ठेवलाच.

"नको. नको. नको."

काका माझ्यावर उखडले. "काहून वं, पोरगी मोठ्यांले नको म्हणून राहिली? तूच शब्द भरते ना त्याच्यात? काढून टाक ते बटण. 'हो' राहू दे."

"काका, उद्या कोणी तिचा हात धरला, तर तिनं काय म्हणायचं?"

"ते तेव्हा पाहू. आता काढ."

आई म्हणाली, "काढ ना गं, कशाला वाद!"

मी पिहूकडून टॅब मागून घेतला, आवाज पूर्ण वाढवला आणि काकांसमोर तेच बटण दाबलं.

"नको."

नंतर जेवण संपेपर्यंत कोणाच्याही ताटात कोणी काही वाढलं नाही.