तात्यांची भातगिरणी

चहा पाजा, पण आज ड्राइव्हचं नाव काढू नका. पालीजवळ तात्यांची भातगिरणी आहे. तिच्या मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह मीच बसवला, तेच चुकलं. आठवड्यात दोनदा फोन. "सायेब, सकाळी चालू केली की ओव्हरकरंट दाखवून बंद पडतंय." ओव्हरकरंट म्हणजे मोटर झेपेल त्याहून जास्त वीज ओढतेय. दोन्ही वेळा नसरापूरहून गेलो, मोटर तपासली, केबल तपासली. माझ्यासमोर गिरणी मस्त चालायची. मी परतलो की दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा न कळवताच गेलो. यंत्र उघडलं तर आत भात गच्च भरलेला. एवढं ओझं घेऊन मोटर फिरणार कशी?

"तात्या, हे काय?"

"बंद करताना रिकामी सोडत न्हाई. जातं रिकामं ठिवू नये, म्हणायची आमची आई."

"मग मागं दोनदा आलो तेव्हा आत दाणाही नव्हता, तो कसा?"

"तुमी येणार म्हणल्यावर झाडूनपुसून ठिवायचो की!"

मी हात जोडले. "मूठभर भात ठेवा, पण यंत्रात नको. दुसरीकडं कुठंही ठेवा."

आठ दिवस बरे गेले. मग फोन आला. "सायेब, ओव्हरकरंट गेला. आता लई गरम झालं म्हणून बंद पडतंय."

पुन्हा गेलो. ड्राइव्हच्या डोक्यावर, गरम हवा बाहेर पडायच्या जाळीवरच, भाताची ताटली. वर हळद-कुंकू.

तात्या म्हणाले, "बघा, तुमच्या शब्दाबाहेर न्हाई गेलो."